जर्मनी एक झाली, हिशेब कोणी भरला?

आमच्या आजीच्या पितळी डब्यात हाली सिक्क्याची दोन नाणी होती. निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रज सरकारचा तो कलदार, हे आम्हा नातवंडांना तिच्याकडूनच कळलं. 'सात हालीचे सहा कलदार' हा हिशेब तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होता. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झालं. हाली सिक्का मात्र कायद्याने पुरता बाद झाला तो १९५९ साली. सातास सहा म्हणजे तसा फरक फारसा नव्हताच. तरीही शेतसारा, सावकाराची खतं, नोकरदारांचे पगार, आठवडी बाजार हे सगळं एका नाण्यावर यायला दशकभराचा अवधी मिळाला.

पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक होताना हेच काम एका रात्रीत उरकलं गेलं. ३० जून १९९० च्या मध्यरात्री पूर्व बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झ चौकात डॉइच बँकेच्या नव्या शाखेसमोर हजारो लोक ताटकळत उभे होते. बाराच्या ठोक्याला दार उघडणार आणि पश्चिमेचा मार्क हातात पडणार. रेटारेटीत शाखेच्या काचा फुटल्या. उजाडलं तेव्हा पूर्व जर्मनीला स्वतःचं चलन उरलं नव्हतं. देश एक व्हायला अजून तीन महिने होते, तो दिवस ३ ऑक्टोबरचा. पैसा आधी एक झाला.

त्या रात्रीचा दर नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची तीस वर्षं त्या दराच्या पोटातून निघाली. पगार, पेन्शन आणि घरभाडं एकास एक. बचतीला वयानुसार मर्यादा: १४ वर्षांखालच्या मुलांचे २,००० मार्कांपर्यंत, प्रौढांचे ४,००० पर्यंत आणि साठी गाठलेल्यांचे ६,००० पर्यंत एकास एक, त्यावरची रक्कम दोनास एक. कारखान्यांच्या डोक्यावरची कर्जंही दोनास एक. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या दृष्टीने हा दर उदार होता आणि तसा तो असायलाच हवा होता. पण कारखान्याच्या दृष्टीने? पश्चिमेचा एक मार्क कमवायला आपले सुमारे साडेचार मार्क खर्ची पडतात, हे पूर्व जर्मनीचं सरकार निर्यातीच्या हिशेबात स्वतःच धरून चाललं होतं. म्हणजे जो माल काल परदेशात एका मार्काला परवडत होता, त्याची किंमत रातोरात चौपटीच्या वर गेली. मालात बदल नाही, यंत्रात बदल नाही, कामगारही तेच. गिऱ्हाईक मात्र गेलं. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातले देश. त्यांच्याकडे पश्चिमेचे मार्क होतेच कुठे?

घरचं गिऱ्हाईकही गेलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पूर्वेच्या दुकानांतल्या फळ्यांवरून पूर्वेचं दूध, लोणी, साबण, बिस्किटं हटली आणि पश्चिमेचा रंगीत वेष्टनातला माल लागला. चाळीस वर्षं जे फक्त टीव्हीवर पाहिलं ते लोकांना चाखून बघायचं होतं. यात त्यांचं काय चुकलं? पण शेजारच्या डेअरीत काम करणारी बाई पश्चिमेचं दही घेऊन घरी गेली, की महिन्याभरात तिचीच पाळी येणार हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्सविकाऊच्या कारखान्यात त्राबांत गाडी बनायची. एकेकाळी ती मिळवायला नाव नोंदवून दहा-दहा वर्षं थांबावं लागे. शेवटच्या वर्षात तिच्यात फोक्सवॅगनचं इंजिन बसवलं, तरी कोणी ती घेईना. ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची गाडी बाहेर पडली आणि तिथे उत्पादन थांबलं.

मग हे सगळं सावकाश, दहा वर्षं घेऊन करायला हवं होतं का? असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्णपणे सहमत नाही. जानेवारी १९९० मध्ये दररोज सुमारे दोन हजार माणसं पूर्वेतून पश्चिमेकडे निघून जात होती. डॉक्टर, नर्सेस, ट्रामचे चालक. 'मार्क आला तर आम्ही राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ', अशी घोषणा रस्त्यारस्त्यावर ऐकू येत होती. ती धमकी नव्हती, ते खरोखरच जात होते. त्यांना थांबवायचं तर पुन्हा भिंत बांधावी लागली असती. पश्चिमेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल यांचा या घाईला विरोध होता, आणि अर्थशास्त्राच्या बाजूने ते बरोबरच होते. पण मराठवाड्याच्या माणसाला पगार हालीत की कलदारात यावरून गाव सोडावं लागत नव्हतं; लाइपझिगच्या माणसाला एका गाडीच्या तिकिटात दुसरं आयुष्य समोर दिसत होतं. तेव्हा चलनाची घाई परिस्थितीने करवून घेतली, हे मान्य करून पुढे जाऊ.

प्रश्न पुढच्या निर्णयांचा आहे. ते परिस्थितीने लादलेले नव्हते. ते माणसांनी बसून, विचार करून घेतले, आणि त्या बैठकांत पूर्वेच्या सामान्य माणसाला जागा नव्हती. जर्मनीच्या एकीकरणाची सगळ्यात जड किंमत इथे आहे, असं माझं मत आहे.

पहिला निर्णय कायद्याचा. पश्चिमेच्या मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या राज्यघटनेत, दोन वाटा होत्या. कलम १४६ प्रमाणे दोन्हीकडच्या लोकांनी मिळून नवी राज्यघटना करायची. कलम २३ प्रमाणे पूर्वेने पश्चिमेच्या चालू व्यवस्थेत सामील व्हायचं. दुसरी वाट निवडली गेली. मार्च १९९० च्या निवडणुकीत पूर्वेच्या मतदारांनी लवकर एकीकरण करू म्हणणाऱ्यांना कौल दिला होता, त्यामुळे या निवडीला लोकांचा पाठिंबा होता हे नाकारता येत नाही. पण सामील झाल्यानंतरही, दोन-चार वर्षांनी, घटनेवर एक सार्वमत घेता आलं असतं. ते घेतलं नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये बंदुकांची भीती असताना लाइपझिगच्या रस्त्यावर सत्तर हजार माणसं 'जनता म्हणजे आम्ही' म्हणत उतरली होती. जर्मनीच्या इतिहासातली ही बिनरक्ताची क्रांती पूर्वेने केली. नव्या देशाच्या कायद्यात त्यांच्या हाताने लिहिलेलं फारसं काही आलं नाही.

दुसरा निर्णय कारखान्यांचा. सगळे सरकारी उद्योग ट्रॉइहांड नावाच्या एका विश्वस्त संस्थेच्या ताब्यात दिले गेले: सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि त्यांतले चाळीस लाख कामगार. संस्थेचे अध्यक्ष डेट्लेव्ह रोव्हेडर यांनी सुरुवातीला या सगळ्या मालमत्तेची किंमत ६०० अब्ज मार्क धरली होती. १ एप्रिल १९९१ रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये राहत्या घरी त्यांचा गोळ्या घालून खून झाला. १९९४ अखेर संस्थेचं दुकान बंद झालं तेव्हा शिल्लक तर सोडाच, अडीचशे अब्ज मार्कांहून अधिक तूट होती. चाळीस लाखांतल्या निम्म्याहून अधिक नोकऱ्या गेल्या होत्या. विकलेल्या उद्योगांचा बहुतेक हिस्सा पश्चिमेच्या कंपन्यांकडे गेला. पूर्वेच्या माणसाकडे भांडवलच नव्हतं, त्यामुळे ज्या कारखान्यात त्याची हयात गेली तो विकत घ्यायला तो उभाच राहू शकत नव्हता.

अनेक कारखाने खरोखरच मोडीत निघालेले होते, हे मी मान्य करतो. यंत्रं जुनाट, छप्परं गळकी, प्रदूषण भयंकर. पण बिशोफेरोडेची गोष्ट वेगळी होती. थुरिंगिया राज्यातल्या या छोट्या गावात पोटॅशची खाण होती. तिच्या मिठाला पश्चिम युरोपात गिऱ्हाईक होतं. ट्रॉइहांडने पूर्वेच्या पोटॅश खाणी पश्चिमेच्या एका स्पर्धक कंपनीत विलीन केल्या आणि त्या सौद्यात ही खाण बंद करायचं ठरलं. करार गुप्त ठेवला गेला. १९९३ च्या उन्हाळ्यात खाणकामगार उपोषणाला बसले. देशभरातून माणसं त्यांना भेटायला आली, 'बिशोफेरोडे सगळीकडे आहे' असे फलक लागले. वर्ष संपता संपता खाण बंद झाली. गावातल्या माणसांच्या मनात जे घर करून बसलं ते नोकरी गेल्याचं दुःख तर होतंच. त्याहून खोल गेलं ते हे, की गिऱ्हाईक असलेली खाण का बंद केली याचं उत्तर त्यांना कोणी दिलं नाही, आणि ज्या कागदावर ते लिहिलं होतं तो कागद त्यांना वर्षानुवर्षं दाखवला गेला नाही.

तिसरा निर्णय घरांचा. कम्युनिस्ट राजवटीत ज्यांची घरं-जमिनी गेल्या त्यांना नुकसानभरपाई द्यायची की ती मालमत्ताच परत करायची? ठरलं असं की शक्य तिथे मालमत्ताच परत. ऐकायला न्याय्य. पण वीस लाखांहून अधिक दावे दाखल झाले. बर्लिनच्या वेशीवरच्या क्लाइनमाख्नोसारख्या गावात तीस वर्षं एका घरात राहिलेल्या, स्वतःच्या हाताने मोरी दुरुस्त केलेल्या, अंगणात सफरचंदाचं झाड लावलेल्या कुटुंबाच्या दारात एक दिवस पश्चिमेची गाडी थांबायची, आणि उतरलेली माणसं फाटकाबाहेरून घराचे फोटो काढायची. कायद्याने त्यांचा हक्क असेलही. आत राहणाऱ्यांनी तरी चोरी कुठे केली होती? शिवाय जोवर मालकी ठरत नाही तोवर त्या जागेत कोणी पैसा गुंतवत नाही, त्यामुळे शहरांच्या मध्यवस्तीतल्या इमारती वर्षानुवर्षं तशाच पडून राहिल्या. आधी भरपाई असं ठरलं असतं तर सरकारला खर्च आला असता, पण दावेदार आणि रहिवासी यांना एकमेकांसमोर उभं करावं लागलं नसतं.

आता पैशाचं. एकीकरणाचा एकूण खर्च दोन लाख कोटी युरोपर्यंत गेला असे अंदाज आहेत. त्यात पेन्शन, बेकारभत्ता, रस्ते, रेल्वे, टेलिफोन, सगळं आलं. आकडा प्रचंड आहे, तरी तो कोणाच्या खिशातून आला हा मला त्याहून महत्त्वाचा मुद्दा वाटतो. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी १ जुलै १९९० च्या भाषणात पूर्वेची राज्यं लवकरच बहरतील असं सांगितलं आणि पूर्वीपेक्षा कोणाचंच वाईट होणार नाही, असा भरवसा दिला. एकीकरणासाठी करवाढ नाही, असं सांगत ते डिसेंबरची निवडणूक जिंकले. पुढच्याच वर्षी आयकरावर साडेसात टक्क्यांचा ऐक्य अधिभार बसला. तो वर्षभरापुरता होता, १९९५ मध्ये परत आला, पुढे साडेपाच टक्के झाला, आणि बहुसंख्य करदात्यांची त्यातून सुटका व्हायला २०२१ साल उजाडलं. हा अधिभार पूर्वेचे लोकही भरत होते, हे पश्चिमेत कित्येकांना ठाऊकच नसतं.

पण खरा भार अधिभाराचा नव्हता. पूर्वेची पेन्शनं आणि बेकारभत्ते मोठ्या प्रमाणात सामाजिक विम्याच्या हप्त्यांतून भागवले गेले. १९९० मध्ये पगाराच्या साडेपस्तीस टक्क्यांच्या आसपास असलेले हे हप्ते १९९८ पर्यंत बेचाळीसवर गेले. हा हप्ता कोण भरतो? पगारदार कामगार आणि त्याला ठेवणारा मालक. सरकारी अधिकारी, वकील, स्वतःचा धंदा असलेले, भाड्यावर आणि व्याजावर जगणारे यांना त्याची झळ फारशी लागली नाही. म्हणजे अख्ख्या राष्ट्राच्या कामाची वर्गणी मुख्यतः कष्टकऱ्यांकडून वसूल झाली, आणि माणूस कामावर ठेवणं महाग झाल्यामुळे बेकारी आणखी वाढली. पश्चिमेच्या रूर खोऱ्यातल्या स्वतःच डबघाईला आलेल्या कोळशाच्या शहरांनी कर्ज काढून पूर्वेसाठीचा वाटा भरला. तिथल्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला पूर्वेत नवे कोरे महामार्ग दिसत होते. त्याच्या मनात काय आलं असेल, हे समजण्यासारखं आहे. उघड कर लावून, ज्याची जेवढी ऐपत त्याच्याकडून तेवढं घेऊन, 'हे राष्ट्राचं काम आहे, वीस वर्षं चालेल' असं आधीच सांगितलं असतं तर? १९९० च्या त्या भारावलेल्या दिवसांत लोकांनी ते दिलं असतं, अशी माझी खात्री आहे. ती वेळ निघून गेली.

माणसांच्या आयुष्यात काय घडलं हे जन्मनोंदीच्या वहीत दिसतं. पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये जवळपास दोन लाख मुलं जन्मली; १९९४ मध्ये ऐंशी हजारांच्या आत. पाच वर्षांत निम्म्याहून कमी, आणि तेही युद्ध किंवा दुष्काळ नसताना. उद्याचा भरवसा नसलेल्या माणसांनी पाळणा लांबवला. पूर्वेत दहातल्या नऊ स्त्रिया घराबाहेर काम करत होत्या, पाळणाघरं गावोगाव होती, पहिल्या तिमाहीतला गर्भपात १९७२ पासून स्त्रीच्या निर्णयावर होता. पश्चिमेत यातलं काहीच गृहीत नव्हतं. एकीकरणानंतर दोन कायद्यांचा वाद पाच वर्षं चालला आणि पूर्वेच्या स्त्रीच्या हाती पूर्वीपेक्षा कमी उरलं. पाळणाघरांच्या बाबतीत मात्र बऱ्याच वर्षांनी पश्चिमेलाच पूर्वेच्या वाटेने जावं लागलं. शिकलेल्या तरुण मुली मोठ्या संख्येने पश्चिमेला निघून गेल्या. १९९१ ते २०१७ या काळातली ये-जा जमेस धरली तर पूर्वेची बारा लाखांच्या आसपास माणसं घटली. मागे राहिले आईवडील आणि बंद पडलेल्या शाळा.

त्यांच्या जागी पश्चिमेतून आले ते न्यायाधीश, प्राध्यापक, खात्यांचे प्रमुख. पूर्वेत काम करण्याबद्दल त्यांना वेगळा भत्ता मिळायचा, आणि लोकांत त्या भत्त्याचं नाव पडलं 'जंगलभत्ता'. एकाच देशातल्या एका भागात नोकरीला जाण्याला जंगलात जाणं म्हणायचं! ज्याला सगळंच जास्त कळतं अशा पश्चिमेच्या माणसासाठी पूर्वेने एक शब्द केला, 'बेसरवेसी', आणि १९९१ चा जर्मनीतला 'वर्षाचा शब्द' म्हणून तोच निवडला गेला. हे शब्द मी गमतीने सांगत नाही. पन्नाशीच्या इंजिनियरला त्याच्या तीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला आता चालणार नाही, असं पस्तिशीचा नवा साहेब सांगतो, तेव्हा त्या माणसाच्या घरात संध्याकाळी जी शांतता असते तिचा भरणा कोणत्याही निधीतून होत नाही.

आणखी एका गटाचं नाव या हिशेबात क्वचितच येतं. पूर्व जर्मनीने करारावर आणलेले परदेशी कामगार: सुमारे साठ हजार व्हिएतनामी, हजारोंनी मोझांबिकचे. कारखाने बंद पडले तशी सगळ्यात आधी यांचीच कामं गेली. सप्टेंबर १९९१ मध्ये होयर्सवेर्डा गावात आणि ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकच्या लिश्टेनहागेन वस्तीत त्यांच्या निवासांवर जमाव चालून गेला. रोस्टॉकमध्ये माणसं आत असताना इमारतीला आग लावली, आणि रस्त्यावर बघे टाळ्या वाजवत होते. मोझांबिकच्या कामगारांच्या पगारातला जो भाग कापून मायदेशी देऊ म्हणून ठेवला होता, तो बहुतेकांच्या हाती नीट पडलाच नाही. मोझांबिकची राजधानी मापुटोमध्ये ते वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. दोन भावांच्या घरवाटणीच्या आणि घरजोडणीच्या भांडणात तिसऱ्याच माणसाचं घर जळलं.

मग हे एकीकरण चुकलं का? नाही, अजिबात नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. फाळणीचा खर्च कोणी मोजत नाही म्हणून एकीकरणाचा खर्च मोठा दिसतो. बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० माणसं मेली. स्टासी या गुप्तहेर खात्यात १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती, आणि शेजाऱ्याची, मित्राची, प्रसंगी नवऱ्याची किंवा बायकोची खबर देणारे त्याच्या दुप्पट. बिटरफेल्डची हवा युरोपातल्या सगळ्यात घाण हवांपैकी होती; आज तिथल्या कोळशाच्या खाणीच्या खड्ड्यात तलाव आहे आणि लोक त्यात पोहतात. पूर्वेच्या स्त्रियांचं आयुर्मान पश्चिमेच्या बरोबरीला आलं. येनाचा काचउद्योग आणि ड्रेस्डेनचा चिपउद्योग पुन्हा उभे राहिले. पेन्शनचा दर दोन्हीकडे सारखा व्हायला २०२३ चा जुलै उजाडला, पण झाला. पैशाची बाजू जर्मनीने बरीचशी फेडली आहे.

उरलं ते मतपेटीत दिसतं. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत पूर्वेच्या पाचही राज्यांत एएफडी हा कडवा उजवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. त्याला मत देणाऱ्यांत भिंत पडल्यानंतर जन्मलेली मुलंही आहेत. या मतांमागे स्थलांतरितांविषयीचा द्वेष आहे, त्याला ट्रॉइहांडचं निमित्त देऊन मोकळं होता येणार नाही. पण 'आम्हाला कोणी विचारलं नाही' हे वाक्य त्या घरांतल्या जेवणाच्या टेबलावर तीस वर्षं ऐकू येत राहिलं, आणि त्या वाक्याचा फायदा उठवायला एक पक्ष आला, हेही तितकंच खरं आहे.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे अशा थकबाकीला 'अनुशेष' हा शब्द आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेले शब्द, १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समिती, १९९४ ची वैधानिक विकास मंडळं. भाषा एक, देव एक, पाहुणे-रावळे एक, तरी आमच्या वाटणीचं पाणी कुठे गेलं हा प्रश्न आजही सुटलेला नाही. चार दशकं वेगळ्या राजवटीत वाढलेल्यांचं तर बोलायलाच नको.

आणि कोरियाची तर ऐंशी वर्षं होत आली. १९४५ मध्ये ३८ व्या अक्षांशावर रेघ मारली गेली, १९५० ते ५३ भाऊ भावावर गोळ्या झाडत होता, आणि जर्मनीत असं युद्ध झालं नव्हतं. जर्मनीत पश्चिमेच्या चार माणसांमागे पूर्वेचा एक होता. दक्षिण कोरियाच्या दोन माणसांमागे उत्तरेचा एक आहे. दक्षिणेच्या मध्यवर्ती बँकेच्या अंदाजांनुसार दरडोई उत्पन्नात जवळपास तीसपटीचा फरक आहे. पूर्व जर्मन माणूस संध्याकाळी पश्चिमेचा टीव्ही बघत होता. उत्तरेत दक्षिणेची मालिका पाहिली म्हणून शिक्षा होते. वर, दक्षिणेत २०२३ मध्ये दर स्त्रीमागे मुलांचं सरासरी प्रमाण ०.७२ होतं. हप्ते भरणारे हातच कमी होत चाललेत.

आता उत्तरेने विषयच मोडीत काढला आहे, असं कोणी म्हणेल. किम जोंग उन यांनी २०२४ च्या सुरुवातीला दक्षिणेला शत्रूराष्ट्र ठरवलं, एकीकरणाचं धोरण सोडलं आणि प्योंगयांगची एकीकरणाची कमानही पाडली गेली. पण जानेवारी १९८९ मध्ये पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकर भिंत आणखी पन्नास, शंभर वर्षं उभी राहील असं सांगत होते. ती दहा महिन्यांत पडली. पश्चिम जर्मनीने एकीकरणाच्या अभ्यासासाठी १९५२ मध्ये नेमलेलं संशोधन मंडळ १९७५ मध्येच गुंडाळून टाकलं होतं, कारण असं काही होईल असं कोणाला वाटत नव्हतं.

दक्षिण कोरियात राजकारणी कधी एकीकरणाला घबाड म्हणतात, जसं २०१४ मध्ये अध्यक्षा पार्क गन ह्ये म्हणाल्या. कधी संकट म्हणतात. दोन्हींत उत्तरेची माणसं नसतात, फक्त खाणी आणि खर्च असतात. सोलमध्ये उत्तरेकडच्या पाच प्रांतांचं एक सरकारी कार्यालय १९४९ पासून आहे आणि त्या प्रांतांना आजही राज्यपाल नेमले जातात. ज्या गावात पाऊल टाकलेलं नाही त्या गावाचा कारभारी आधीच ठरलेला! उद्या दार उघडलं तर 'जंगलभत्ता' घेऊन जाणारे कोण, हे यातून कळतं. उत्तरेतून पळून आलेल्या कुटुंबांकडे जुनी जमिनीची कागदपत्रं जपून ठेवलेली आहेत. त्या दाव्यांना जमीन नाही, फक्त भरपाई, हे सोलच्या संसदेने आजच कायद्याने सांगून टाकावं. आणि त्यासाठीचा पैसा आजपासून, उघड कर लावून, श्रीमंतांकडून जास्त घेऊन साठवावा. २०१० मध्ये अध्यक्ष ली म्युंग बाक यांनी एकीकरण कराची सूचना केली होती, ती तशीच विरून गेली.

सगळ्यात आधी दक्षिणेने आपल्या दारात आलेल्यांकडे बघावं. उत्तरेतून निसटून आजवर चौतीस हजारांहून अधिक माणसं दक्षिणेत आली आहेत. आल्यावर त्यांना हानावोन नावाच्या केंद्रात तीन महिने शिकवतात: बँकेचं कार्ड कसं वापरायचं, भुयारी रेल्वेचं तिकीट कसं काढायचं, इंग्रजी शब्दांनी भरलेली दक्षिणेची बोली कशी समजून घ्यायची. त्यानंतर ती एकटी. बोलण्याच्या हेलावरून ओळखू येऊ नये म्हणून पुष्कळ जण हेल बदलायला शिकतात. २०१९ च्या उन्हाळ्यात सोलमधल्या एका भाड्याच्या घरात उत्तरेतून आलेली एक आई आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा मृत सापडले. उपासमारीने गेले असावेत असं सांगितलं गेलं. घरात खाण्यासारखं म्हणून फक्त थोडी मिरचीपूड होती. दोन महिने कोणाला पत्ता नव्हता. एकीकरणाला किती खर्च येईल याचे अंदाज बांधणाऱ्या प्रत्येक अहवालाचं पहिलं प्रकरण या चौतीस हजारांचं असलं पाहिजे: त्यांना पगार किती मिळतो, घरभाडं कोण भरतं, त्यांची मुलं कोणत्या इयत्तेत शाळा सोडतात, आणि नोकरीचा अर्ज भरताना त्यांतल्या किती जणांना आपलं गाव लपवावं लागतं.